मुखवटा दोघांच्याही तोंडावर आहे

अमेरिकेच्या अभिजात कथा-कादंबऱ्यांतल्या मालक-गुलाम संबंधांविषयी एक टिपण सध्या मराठी वाचकांत हातोहात फिरते आहे. मला ते तीन वेगवेगळ्या माणसांनी पाठवले आणि तिघांनीही सोबत ‘पटण्यासारखे आहे’ असे लिहिले. टिपणाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. या साहित्यात सोंग घेतो तो गुलाम. मालक जसा असतो तसाच समोर येतो. हर्मन मेलव्हिलच्या ‘बेनिटो सेरेनो’ या दीर्घकथेतला बाबो हा गुलाम म्हणजे निष्कारण क्रौर्याचा पुतळा आहे. त्याच कथेतला अमेरिकन कप्तान डेलानो हा सरळ मनाचा भला माणूस असून लेखक त्याच्याच तोंडून बोलतो. कथा ही एका खऱ्या प्रवासवृत्ताची नक्कल आहे आणि शेवटी जोडलेली न्यायालयातली जबानी हे तिचे अंतिम सत्य आहे. मार्क ट्वेनने तर ‘पुडनहेड विल्सन’मध्ये गुलामाचे पोर मालकाच्या पाळण्यात घातले तरी त्याचे रक्त बदलत नाही हेच दाखवून दिले. सबब ही पुस्तके मालकांची वकिली करणारी आहेत आणि आजच्या वाचकाने ती बाजूला ठेवावीत.

हा समज आजचा नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले काही अमेरिकन समीक्षकही बाबोला मूर्तिमंत दुष्टत्व मानत असत. फरक इतकाच की त्यांनी त्यावरून कथेची थोरवी गायली, तर हे टिपण त्यावरून तिला बाद ठरवते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले, तेव्हापासून हा विषय मराठी वाचकाला परका राहिलेला नाही. म्हणूनच या कथांविषयी चुकीचे काही रूढ होत असेल तर ते मुद्द्यागणिक तपासले पाहिजे असे मला वाटते. माझे म्हणणे सरळ आहे: या कथांतले सोंग गुलामाच्या स्वभावातून आलेले नाही. ते मालकाला जे पाहायची सवय आहे त्याच्या मापाने बेतलेले आहे, आणि हे माप उघडे पाडणे हेच या कथांचे काम आहे.

ज्यांनी ‘बेनिटो सेरेनो’ वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा सांगाडा आधी द्यायला हवा. १८५५ साली ‘पुटनम्स मंथली’ या मासिकाच्या ऑक्टोबर ते डिसेंबरच्या अंकांत ती क्रमशः आली. काळ १७९९चा आहे आणि जागा चिलीच्या किनाऱ्याजवळच्या सांता मारिया बेटाचे निर्जन बंदर. मॅसॅच्युसेट्समधल्या डक्सबरी गावचा कप्तान अमासा डेलानो पाणी भरून घेण्यासाठी तिथे नांगर टाकून थांबला आहे. एका करड्या पहाटे ‘सान डोमिनिक’ नावाचे मोडकळीला आलेले स्पॅनिश जहाज त्याला दिसते आणि तो मदतीला म्हणून त्यावर चढतो. वादळांनी, स्कर्व्हीने आणि तापाने बहुतेक गोरे खलाशी मेले, अशी हकिकत त्याला सांगितली जाते. तरुण कप्तान बेनिटो सेरेनो आजारी आणि लहरी वाटतो, आणि बाबो नावाचा लहानखुरा सेनेगाली गुलाम क्षणभरही त्याच्या जवळून हलत नाही. दिवस मावळताना डेलानो आपल्या होडीत उतरतो तोच सेरेनो होडीत उडी घेतो, मागोमाग बाबो खंजीर घेऊन झेपावतो, आणि तेव्हा कळते की जहाज केव्हाचेच गुलामांच्या ताब्यात आहे. दिवसभर दिसलेले हुकूम, सेवा, शिक्षा, मर्जी हे सगळे बाबोने बसवलेले नाटक होते.

सोंग फक्त गुलाम घेतो, हा टिपणातला पहिला मुद्दा आहे. त्याचे उत्तर कथेच्या अगदी सुरुवातीला लाकडात कोरून ठेवलेले आहे. डेलानोची होडी जवळ येते तेव्हा जहाजाच्या पिछाडीवरचे जुने नक्षीकाम वर्णिले जाते. त्यात स्पेनच्या राजचिन्हातला किल्ला आणि सिंह आहेत, भोवती पुराणातल्या आकृत्या आहेत, आणि सर्वांत वर मधोमध एक काळसर सॅटर, म्हणजे ग्रीक कथांतला अर्धा माणूस अर्धा बोकड असा वनचर, तडफडणाऱ्या एका देहाच्या मानेवर पाय देऊन उभा आहे. सॅटरच्या तोंडावर मुखवटा आहे. त्याच्या पायाखाली जो आहे त्याच्याही तोंडावर मुखवटा आहे. हे काम बाबोच्या माणसांनी केलेले नाही. जहाज ज्यांचे होते त्यांनी, आपल्या वैभवाच्या दिवसांत, हौसेने करवून घेतलेले आहे. आता शेवटाकडच्या होडीतल्या झटापटीकडे जावे. डेलानोचा एक हात सेरेनोला धरून आहे आणि त्याचा उजवा पाय खाली पडलेल्या बाबोला रगडतो आहे. ज्या माणसाने सकाळी ती आकृती वरवर पाहून सोडून दिली, तोच संध्याकाळी त्या आकृतीतला वरचा मुखवटाधारी होऊन उभा राहिला आहे, आणि लेखकाने याविषयी एक अक्षरही बोललेले नाही. ही दोन चित्रे एकमेकांशेजारी ठेवली की मालक उघड्या तोंडाने वावरतो हे म्हणणे टिकत नाही.

मालकाचा मुखवटा कशाचा बनलेला आहे हेही कथा वस्तूंतून दाखवते. सेरेनोच्या कमरेला चांदीने मढवलेली तलवार लटकते. ती हुकूमतीची खूण आहे असे डेलानोला आणि आपल्यालाही वाटते. शेवटी कळते की म्यान आतून काहीतरी घालून ताठ केलेले होते आणि त्यात पाते नव्हतेच. अटुफाल नावाचा धिप्पाड गुलाम, जो आपल्या देशात राजा होता असे सांगितले जाते, दर दोन तासांनी साखळदंडांसह कप्तानापुढे येऊन उभा राहतो आणि क्षमा न मागताच परत जातो. त्याच्या कुलपाची किल्ली सेरेनोच्या गळ्यात आहे. कुलूप आणि किल्ली, खरोखर अर्थपूर्ण चिन्हे, असे डेलानो हसून म्हणतो. प्रत्यक्षात ते साखळदंड हव्या त्या क्षणी अंगावरून टाकता येतील असे बेतलेले होते. तलवार, किल्ली, साखळदंड, भरजरी पोशाख, मान लववून उभा असलेला नोकर, हे सगळे जागच्या जागी आहे आणि सत्ता मात्र तिथे नाही. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. या जहाजावर मालकीचे सोंग मात्र इतके हुबेहूब वठते की खरी मालकीसुद्धा याहून वेगळ्या कशाची बनलेली असते, हा प्रश्न वाचकाला सोडत नाही.

हे केवळ कल्पनेतले नाही. १८४८च्या डिसेंबरात जॉर्जियातल्या मेकन गावची एलन क्राफ्ट ही गुलाम स्त्री, वर्ण उजळ असल्यामुळे, एका आजारी गोऱ्या तरुण मालकाच्या वेषात निघाली आणि तिचा नवरा विल्यम तिचा गुलाम म्हणून बरोबर गेला. तिला लिहिता येत नव्हते. वाटेतल्या नोंदवहीत सही करायची वेळ आलीच तर निभावून नेता यावे म्हणून तिने उजवा हात झोळीत बांधून घेतला. आगगाडी आणि आगबोटीने, चांगल्या उतारूंच्या वर्गातून, प्रवास करत ती दोघे नाताळच्या दिवशी फिलाडेल्फियाला पोहोचली. मालक होण्यासाठी तिला हिरवा चष्मा, उंच टोपी, झोळीतला हात आणि गुलाम म्हणून मागे उभा राहणारा एक माणूस एवढे पुरले. विल्यम वेल्स ब्राउन याने १८५३ साली ‘क्लोटेल’ या कादंबरीत हीच युक्ती वापरली, आणि ती कादंबरी आफ्रिकन-अमेरिकन लेखकाची पहिली मानली जाते. टिपणकर्त्याने गुलामाच्या सोंगाविषयी लिहिताना या परंपरेचा उल्लेखही करू नये याचे मला वाईट वाटते.

आता हजामतीचा प्रसंग. सोंग कोणासाठी आणि कोणाच्या मापाने आहे हे समजून घ्यायला याच्याइतका चांगला प्रसंग मला दुसरा ठाऊक नाही. बाबो मालकाची दाढी करायची वेळ झाली म्हणून सेरेनोला खोलीत नेतो, डेलानोही बरोबर जातो. बाबो निशाणांच्या पेटीतून एक रंगीत कापड काढून सेरेनोच्या गळ्याभोवती गुंडाळतो; ते स्पेनचे निशाण आहे. डेलानोला त्यात काळ्या लोकांची भडक रंगांची बालिश आवड दिसते आणि त्याला मौज वाटते. बाबो वस्तऱ्यांतला सर्वांत धारदार वस्तरा निवडतो आणि आपल्या उघड्या तळहातावर त्याला धार लावतो. सेरेनोच्या तोंडाला फेस आहे, गळा उघडा आहे, आणि पाते वर थांबलेले आहे. एका क्षणापुरते डेलानोला काळ्यात जल्लाद आणि गोऱ्यात ठोकळ्यावर मान ठेवलेला माणूस दिसतो, पण ती विचित्र कल्पना म्हणून तो झटकून टाकतो. मग केप हॉर्नपासून इथवर यायला तुम्हाला दोन महिने कसे लागले, असा साधा प्रश्न तो करतो. सेरेनो दचकतो, वस्तरा लागतो, फेसावर रक्त उतरते. बाबो म्हणतो, पाहा मालक, तुम्ही हललात म्हणून बाबोच्या हातून हे पहिले रक्त आले. थोड्या वेळाने तोच बाबो गालावर रक्ताची चीर घेऊन बाहेर येतो आणि डेलानोला ऐकू जाईल असा कण्हतो की चुकून एक ओरखडा निघाला म्हणून आजारी मालकाने बाबोला वस्तऱ्याने कापले. डेलानो हळहळतो: ही गुलामगिरी माणसांत किती कुरूप विकार उत्पन्न करते!

तो गाल बाबोने स्वतःच कापलेला आहे. आपल्याच रक्ताने त्याने मालकाच्या क्रौर्याचे चित्र रंगवले, कारण अमेरिकन पाहुण्याला हे चित्र ओळखीचे आहे आणि ओळखीचे असल्यामुळेच त्याला ते खरे वाटणार हे बाबोला ठाऊक आहे. पहिल्या वाचनात मीही त्या गालाबद्दल हळहळलो होतो आणि दुसऱ्या वाचनात तीच जागा आली तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. बाबोला नाटकासाठी नवीन काहीच रचावे लागलेले नाही. प्रेमळ नोकर, चिडका मालक, साखळीतला उद्दाम राजा, गाणारी काळी माणसे, या सगळ्या भूमिका गोऱ्या जगाने आधीच लिहून ठेवल्या होत्या; बाबोने त्या वाटून दिल्या एवढेच. तेव्हा ‘कपट हा गुलामाचा स्वभाव’ हे वाक्य उलटे वाचले पाहिजे. कपट यशस्वी झाले ते पाहणाऱ्याच्या स्वभावामुळे.

दुसरा मुद्दा बाबोच्या निष्कारण क्रौर्याचा. क्रौर्य आहे, आणि ते सौम्य करून सांगण्यात काही अर्थ नाही. बंडाच्या रात्री झोपेत असलेली अठरा माणसे मारली जातात. गुलामांचा मालक अलेक्झांड्रो अरांडा याला ठार करून त्याचा सांगाडा जहाजाच्या नाळेवरच्या कोरीव मूर्तीच्या जागी बांधला जातो आणि खाली खडूने ‘आपल्या म्होरक्याच्या मागे जा’ असे स्पॅनिशमध्ये लिहिले जाते. जिवंत राहिलेल्या एकेका स्पॅनिश माणसाला बाबो त्या सांगाड्यापाशी नेतो आणि विचारतो की हा कोणाचा असेल, याच्या पांढऱ्या रंगावरून हा गोऱ्याचाच असावा असे वाटत नाही का. हा प्रश्न ऐकताना अंगावर काटा येतो. पण तो प्रश्न मूर्खाचा नाही. हाडे सगळ्यांचीच पांढरी असतात हे प्रश्नकर्त्याला माहीत आहे, आणि कातडीच्या रंगावर माणसांची किंमत ठरवणाऱ्यांना तो त्यांच्याच हिशेबाने उत्तर मागतो आहे.

‘निष्कारण’ हा शब्द मात्र खोटा आहे. कारण कथेच्या शेवटी जोडलेल्या न्यायालयीन जबानीतच लिहिलेले आहे आणि ते सेरेनोच्या तोंडून आलेले असल्यामुळे बाबोच्या बाजूचे म्हणून सोडून देता येत नाही. जहाजावर १६० गुलाम होते, बहुतेक अरांडाच्या मालकीचे, विक्रीयोग्य मालाबरोबर चढवलेले. ते डेकवर मोकळे झोपत, कुणालाही बेड्या नव्हत्या, कारण ‘ही सगळी निमूट माणसे आहेत’ असे अरांडाने सांगितले होते. म्हणजे मुखवटा बंडाच्या आधीपासूनच होता, आणि तो चेहरा आहे असे समजून मालक निर्धास्त झोपला होता. जहाज ताब्यात आल्यावर बाबो सेरेनोला पहिली गोष्ट विचारतो ती ही की या समुद्रांत काळ्या माणसांचे एखादे राज्य आहे का, जिथे आम्हाला नेता येईल. नाही म्हटल्यावर तो सेनेगालला न्यायला सांगतो. अरांडाला मारण्याचे कारणही तो स्पष्ट सांगतो: तो जिवंत असेपर्यंत आपल्या आणि साथीदारांच्या स्वातंत्र्याची खात्री नाही. या कारणाने ती हत्या न्याय्य ठरते की नाही यावर वाचकांचे मतभेद होऊ शकतात. कारण नव्हते असे मात्र कोणालाही म्हणता येणार नाही. अटुफालची ओळख करून देताना बाबो स्वतःविषयी एक वाक्य बोलतो, आणि त्या दिवसभराच्या खोट्यात मला ते वाक्य फार खरे वाटते: अटुफाल आपल्या देशात राजा होता, पण गरीब बाबो तिथेही गुलामच होता; तेव्हा काळ्याचा होता, आता गोऱ्याचा आहे.

डेलानो म्हणजे लेखक, या तिसऱ्या मुद्द्याला फार वेळ द्यायची गरज पडू नये. तरी तो द्यावा लागतो, कारण कथा तृतीयपुरुषी निवेदनात असूनही डेलानोच्या मनाला इतकी चिकटून चालते की त्याचे पूर्वग्रह निवेदकाची मते म्हणून उद्धृत करणे सोपे जाते. टिपणातले उतारे सगळे याच प्रकारचे आहेत. काळी माणसे जन्मजात हजाम आणि खिदमतगार असतात, हे वाक्य घ्या. ते डेलानोच्या मनात केव्हा येते? बाबो वस्तरा उचलत असताना. डेलानोला काळी माणसे आवडत, पण परोपकारबुद्धीने नव्हे, तर इतर लोकांना न्यूफाउंडलंड जातीचे कुत्रे आवडतात तशी, असे निवेदक सांगतो. हे डेलानोचे कौतुक आहे असे ज्याला वाटते त्याने ते वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचावे. कथेच्या आरंभीच डेलानोच्या निःशंक भलेपणाचा उल्लेख करून, असा स्वभाव तल्लख बुद्धीचे लक्षण आहे की नाही हे शहाण्यांनी ठरवावे, असे निवेदक म्हणतो.

या भलेपणाचे व्यवहारी रूपही पाहावे. बाबोची सेवा पाहून डेलानो इतका खूश होतो की त्याला विकत घेण्यासाठी सेरेनोला पन्नास डबलून, म्हणजे स्पॅनिश सोन्याची नाणी, देऊ करतो. मालक हजार डबलूनलाही बाबोला सोडणार नाहीत, असे उत्तर बाबोच पुटपुटतो. दिवसभर डेलानोला संशय येत राहतो तो सेरेनोचा, कारण कट करायला बुद्धी लागते आणि ती काळ्यांत आहे हे त्याच्या डोक्यातच येत नाही. आणि आपल्या जातीशी फितूर होऊन काळ्यांना सामील होणारा गोरा कोणी कधी ऐकला आहे का, असे म्हणून तो तोही संशय बुजवतो. जहाज परत जिंकण्यासाठी खलाशांना चेव आणायचा तेव्हा त्यांना सांगितले जाते की जहाजावर हजार डबलूनहून अधिक किमतीचा माल आणि सोनेनाणे आहे आणि त्यातला मोठा हिस्सा तुमचा असेल. डेलानो दुष्ट नाही, आणि म्हणूनच लेखकाला उपयोगी पडला आहे. गुलामगिरीला वाईट म्हणणारा आणि गुलाम विकत घ्यायला तयार असणारा माणूस एकच असू शकतो, हे त्याच्याइतके चांगले दुसऱ्या कोणावरून दाखवता आले नसते.

शेवटच्या संभाषणात तो सेरेनोला समजावतो की झाले गेले ते त्या तेजस्वी सूर्याने, निळ्या समुद्राने, निळ्या आकाशाने विसरून टाकले आहे. सेरेनो उत्तर देतो: कारण त्यांना स्मृती नसते, कारण ती माणसे नाहीत. मग तुमच्यावर ही सावली कशाची, असे विचारल्यावर तो म्हणतो, ‘त्या निग्रोची’, आणि संवाद तिथेच संपतो.

नक्कल आणि जबानी यांविषयीचा चौथा मुद्दा अर्धा खरा आहे. अमासा डेलानो नावाचा कप्तान खरोखर होता, त्याने १८१७ साली आपल्या सफरींचे वृत्त प्रसिद्ध केले, आणि त्यातल्या एका प्रकरणात १८०५च्या फेब्रुवारीत सांता मारियापाशी ‘ट्रायल’ नावाच्या स्पॅनिश जहाजावर घडलेली हकिकत आहे. मेलव्हिलने ती घेतली, जबानीही घेतली. पण त्याने काय बदलले ते पाहा. जहाजाचे नाव त्याने ‘सान डोमिनिक’ केले आणि साल मागे नेऊन १७९९ केले. हैतीचे फ्रेंच नाव सँ-डोमिंग होते, आणि १७९१ साली तिथे पेटलेले गुलामांचे बंड त्या साली चालूच होते. मूळ हकिकतीत बंडाचा म्होरक्या बाबो होता आणि कप्तानाला सावलीसारखा चिकटून राहणारा बाबोचा मुलगा वेगळा होता. मेलव्हिलने दोघांचा एक माणूस केला, म्हणजे सेवक आणि सूत्रधार एकाच देहात आणले. हजामतीचा प्रसंग त्याचा स्वतःचा आहे. सांगाडाही त्याचाच. मूळ बाबो जहाज परत घेतानाच्या लढाईत मारला गेला. कथेतला बाबो जिवंत ठेवला आहे, आणि तो का हे कळले की जबानीचा प्रश्नही सुटतो.

त्याला जिवंत ठेवले ते गप्प राहण्यासाठी. पकडला गेल्यापासून तो एक शब्द उच्चारत नाही आणि त्याच्याकडून कोणी बोलवूनही घेऊ शकत नाही. कृती करता येत नाही तर शब्दही बोलणार नाही, असे जणू त्याचा चेहरा सांगत होता, असे निवेदक लिहितो. लिमाच्या न्यायालयापुढे आलेले कागद हे गोऱ्यांच्या साक्षींचे आहेत आणि आपल्यापुढे ठेवलेले उतारेही त्यांतून निवडलेले आहेत. त्या जबानीनंतर निवेदक सांगतो की ही जबानी आधीच्या गुंत्याच्या कुलपात बसणारी किल्ली ठरली असेल, तर जहाजाचे पोट आता उघडे पडले आहे. ‘असेल, तर’ हे दोन शब्द टिपणकर्त्याने वगळले आहेत. कुलूप-किल्लीच्या चिन्हांवर डेलानो कसा फसला हे आपण नुकतेच पाहिलेले असताना निवेदक पुन्हा तीच प्रतिमा वापरतो, हेही त्याच्या नजरेतून निसटले. मेलव्हिलला न्यायालये घरातून माहीत होती. त्याचे सासरे लेम्युएल शॉ हे मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश होते. व्यक्तिशः गुलामगिरी नापसंत असूनही १८५० च्या पळपुट्या गुलामांविषयीच्या कायद्याला मान देऊन त्यांनी १८५१ साली टॉमस सिम्स या तरुणाची सुटका नाकारली आणि त्याला जॉर्जियात परत पाठवले गेले. यावरून कथेचा अर्थ ठरवता येत नाही, पण कायद्याच्या कागदावर लेखकाचा भाबडा विश्वास होता असे गृहीत धरणेही अवघड जाते.

बाबोला फाशी दिल्यावर देह जाळला जातो आणि मस्तक चौकातल्या खांबावर लावले जाते. ते गोऱ्यांच्या नजरेला नजर देत राहते. त्याची दृष्टी अरांडाची हाडे ठेवलेल्या चर्चकडे आणि त्यापलीकडे टेकडीवरच्या मठाकडे असते. त्याच मठात तीन महिन्यांनी सेरेनो मरतो आणि तिरडीवरून, निवेदकाच्या शब्दांत, खरोखरच आपल्या म्होरक्याच्या मागे जातो. हा म्होरक्या अरांडा की बाबो, हे वाक्यावरून ठरवता येत नाही. व्यवस्था पूर्ववत झाली असे सांगणारी कथा असा शेवट करत नाही.

राहिला ट्वेन. ‘पुडनहेड विल्सन’ १८९४ साली आली; तिचे गाव मिसूरीतले डॉसन्स लँडिंग आणि सुरुवात १८३० ची. रॉक्सी ही गुलाम स्त्री सोळा भागांतले पंधरा भाग गोरी आहे आणि तिचा मुलगा बत्तिसांतले एकतीस भाग. तरीही, ट्वेनच्या शब्दांत, कायदा आणि रूढी यांच्या एका कल्पितानुसार तो निग्रो ठरतो. चोरीवरून मालक सगळ्या नोकरांना नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे मळ्यांच्या मुलखात विकायची धमकी देतो, तेव्हा रॉक्सी घाबरून आपले बाळ आणि मालकाचे बाळ यांची अदलाबदल करते. तिचा मुलगा टॉम म्हणून वाढतो, जुगारी, चोर आणि भित्रा निघतो, स्वतःच्या आईला विकतो आणि शेवटी खून करतो. टिपण म्हणते, पाहा, रक्त बाहेर आले. असे कादंबरीत कोणीतरी म्हणतेही; ती स्वतः रॉक्सी आहे, संतापाच्या भरात. पण निवेदनाने टॉमच्या बालपणाची जी पाने खर्ची घातली आहेत ती त्याला कधीच नाही न म्हणणाऱ्या घराची, दुसऱ्या मुलाला मारायची मुभा असलेल्या छोट्या मालकाची आहेत. त्याचे दुर्गुण मालकाच्या घरात मिळालेले आहेत. ज्याचे रक्त निखळ मालकाचे, तो खरा वारस, लिहिता-वाचता न येणारा, गुलामांच्या बोलीत बोलणारा, दिवाणखान्यात अवघडणारा माणूस झाला आहे आणि वारसा परत मिळाल्यावरही त्याला कुठे बसावे हे उमगत नाही. रक्ताचा सिद्धांत खरा असता तर हे दुसरे पात्र लिहिताच आले नसते.

सोंगाच्या दृष्टीने मला यातली एक जागा फार मोलाची वाटते. रॉक्सी लोकांदेखत आपल्याच बाळाला छोटे मालक म्हणून अदबीने वागवायची सवय करते, आणि हळूहळू दाखवायची अदब खरी अदब होऊन बसते. इतरांना फसवण्यासाठी घेतलेले सोंग तिलाच फसवते आणि तिचा मुलगा तिचाही मालक होतो. बाबो सोंगाला ताब्यात ठेवतो, रॉक्सी त्यात सापडते. आणि टॉम खून करायला जाताना काय करतो? जाळलेल्या बुचाने तोंड काळे करतो. जो कायद्याने काळा आहे पण गोरा म्हणून जगतो, तो काळ्याचे सोंग घेऊन गुन्हा करायला निघतो, कारण गुन्हेगार कोणत्या रंगाचा असेल अशी गावाची समजूत आहे ते त्याला माहीत आहे. गुपित फुटल्यावर त्याला झालेली जन्मठेपही टिकत नाही: तो मालमत्ता आहे, मालमत्तेला तुरुंगात ठेवणे म्हणजे सावकारांचे नुकसान, म्हणून त्याला माफी देऊन नदीच्या खालच्या अंगाला विकले जाते. हे मालकांच्या वकिलाचे लेखन नव्हे.

टिपणातली एक तक्रार मात्र मला मान्य आहे, आणि ती त्याने मांडायला हवी होती त्याहून अधिक जोराने मांडतो. ‘बेनिटो सेरेनो’त काळ्या माणसांचे अंतरंग आपल्याला मिळत नाही, बाबोचे मौन कितीही अर्थपूर्ण असले तरी ते मौनच आहे. जहाजावरच्या स्त्रियांचे तर नावही कळत नाही. दिवसा डेलानोला बाळाला कुशीत घेऊन झोपलेली एक आई दिसते आणि ही निर्मळ निसर्गाची माया आहे असे वाटून त्याला बरे वाटते. पुढे जबानीत एका ठिकाणी येते की हत्या चालू असताना त्या स्त्रिया गात होत्या आणि नाचत होत्या, आनंदाने नव्हे तर गंभीरपणे. आणि डेलानोच्या होड्या चालून आल्या तेव्हा त्यांनी आपल्या माणसांसाठी विषादाची गाणी म्हटली, कारण तो सूर इतर कोणत्याही सुरापेक्षा अधिक चेतवणारा होता आणि तो त्यांनी जाणूनबुजून निवडला होता. ती गाणी कोणत्या भाषेत होती हे लिहिलेले नाही, आणि त्यांतला एकही शब्द जबानीत नाही.